बॅटरी संपली की फोन संपला?

सहा डिसेंबरला दादरला जाऊन आलेल्या आपल्या प्रत्येक घरात हरवल्या-सापडल्याची एक तरी गोष्ट असते. आमच्या घरातली गोष्ट २०२३ सालची. कल्याणजवळच्या आमच्या वस्तीतून पहाटेच्या लोकलने आम्ही नऊ जण निघालो होतो. बरोबर पंच्याहत्तरीची मावशी होती. पांढरी साडी, हातात मेणबत्तीचा पुडा, कमरेला बटवा. चैत्यभूमीची रांग झाली, वंदन झाले आणि दुपारी दोनच्या सुमारास शिवाजी पार्कातल्या पुस्तकांच्या स्टॉलपाशी मावशीचा हात सुटला.

मावशीकडे स्वतःचा फोन नाही. बटव्यात मात्र एक चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर मुलाचा नंबर होता. तिने एका स्टॉलवरच्या पोराला चिठ्ठी दाखवली. त्याने बिचाऱ्याने चार-पाच वेळा फोन लावून पाहिला. फोन बंद! इकडे आमच्या मावसभावाच्या हातात तो फोन काळा पडला होता. पाच मिनिटांपूर्वी त्याच फोनवर ३४ टक्के चार्जिंग दिसत होते. मांडलेल्या ग्रंथांचा फोटो घ्यावा म्हणून त्याने कॅमेरा उघडला आणि फोन एकाएकी मेला. तो मान खाली घालून बटण दाबत राहिला, तेवढ्यात गर्दीने मावशीला पुढे नेले.

मावशी सापडली संध्याकाळी साडेसहाला, स्वयंसेवकांच्या मंडपात. लाऊडस्पीकरवर तिचे नाव पुकारले तेव्हा. पोरांनी तिला पाणी दिले होते, पुरीभाजी दिली होती, पण तिने घास तोंडात घातला नव्हता. "बाळा, मला वाटलं तुमचंच काही बरंवाईट झालं," एवढेच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी मावसभाऊ फोन घेऊन स्टेशनजवळच्या एका दुकानात गेला. दुकानदाराने फोन उलटा-पालटा केला आणि निकाल दिला: फोन गेला, आता यात काही राम नाही, नवा घ्या, हप्ते बांधून देतो. तेरा हजारांचा फोन, दहा हप्ते. मावसभाऊ मोटारसायकलवरून पार्सले पोचवण्याचे काम करतो. त्याची हजेरी, पत्ता, पैसे, सगळे त्या फोनवर. फोन बंद पडला की त्याचे नाव ड्यूटीवरून खाली उतरते आणि पार्सल दुसऱ्याला जाते. रात्री तोच फोन पुतणीच्या हातात असतो. ती बारावीला आहे. तिचे तास त्यावर, शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा ओटीपी त्यावर. एका फोनवर एक अख्खे घर उभे होते, म्हणून भाऊ हप्त्याच्या कागदावर सही करायला निघालाच होता.

आमचे अर्धे आयुष्य विजेच्या मोटारी आणि पंखे दुरुस्त करण्यात गेले आहे. यंत्र मोजल्याशिवाय भंगारात टाकायचे नाही, ही त्या धंद्याची पहिली शिकवण. शिवाय आपल्या धम्मात ऐकीव गोष्टीला मान नाही. कालामांना तथागतांनी काय सांगितले ते आपण दर वर्षावासात विहारात ऐकतो. मग मोबाईलच्या दुकानदाराचे बोलणे तेवढे न तपासता का मानायचे? आम्ही भावाला म्हणालो, "आठ दिवस थांब. आपण मोजू."

मोजण्याआधी पुतणीने विचारले, "काका, ३४ टक्के असताना फोन बंद पडतोच कसा?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचे उत्तर कळले की पुढचे सगळे कळते.

आजच्या फोनमधली बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. १९९१ साली सोनी या जपानी कंपनीने ती पहिल्यांदा बाजारात आणली. तिच्यामागे ज्यांचे संशोधन होते त्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ त्या वेळी ९७ वर्षांचे होते. तोवर इतक्या वयाच्या कोणाला नोबेल मिळाले नव्हते. या बॅटरीत लिथियमचे भारित कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात आणि चार्जिंगला लावली की परत येतात. असे हजारदा येणे-जाणे झाले की थोडे थोडे कण वाटेतच अडकतात आणि आत एक पापुद्रा जाड होत जातो. वस्तीतल्या पाण्याच्या टाकीचे उदाहरण घ्या. वर्षानुवर्षे टाकी धुतली नाही तर दोन गोष्टी होतात. तळाला गाळ साचतो, म्हणून पाणी कमी मावते. आणि नळाच्या तोटीत क्षार बसतो, म्हणून आहे ते पाणीही जोराने येत नाही.

बॅटरीचे तसेच. मावणे कमी होते, आणि आतला अडथळा वाढतो. साधे बोलायला वीज थोडी लागते, तेवढी ती देते. पण कॅमेरा उघडला, पडदा उन्हात पूर्ण उजळला, त्यातच रेंजसाठी फोनची धडपड चालू असली की एकदम जास्त वीज मागितली जाते. तोटी बारीक झालेली असल्याने दाब खाली येतो. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेखाली गेले की फोन स्वतःच्या रक्षणासाठी बंद होतो. टाकीत पाणी असते, नळाला नसते. आणि फोनवर दिसणारे टक्के म्हणजे काही टाकीत बुडवलेली मोजपट्टी नव्हे. तो फोनने बांधलेला अंदाज असतो. बॅटरी म्हातारी झाली की अंदाज चुकू लागतो.

यावरून जगभर एक मोठे प्रकरण झाले होते, तेही सांगितले पाहिजे. ॲपल कंपनीचे जुने आयफोन असेच अचानक बंद पडत. कंपनीने २०१७ सालच्या सुरुवातीला फोनमध्ये असा बदल घातला की बॅटरी जुनी झाली की फोन आपोआप हळू चालेल. ग्राहकाला हे नीट सांगितलेच नाही. लोकांना वाटले, फोन जुना झाला, नवा घ्यावा. पुढे एका ग्राहकाने केवळ बॅटरी बदलली आणि पाहतो तो फोन पुन्हा पहिल्यासारखा धावू लागला. त्याने आधीचे आणि नंतरचे आकडे लोकांपुढे ठेवले. जॉन पूल नावाच्या तंत्रज्ञाने असंख्य फोनच्या वेगाचे आकडे मांडून तेच दाखवले. त्या डिसेंबरात कंपनीला कबुली द्यावी लागली, माफी मागावी लागली आणि ७९ डॉलरची बॅटरी-बदली २९ डॉलरवर आणावी लागली. २०२० साली फ्रान्समध्ये तिला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. इतक्या मोठ्या कंपनीला जाब द्यावा लागला तो एका साध्या माणसाने मोजून पाहिले म्हणून.

आमच्या मोजण्याकडे वळतो. एक शंभर पानी वही, एक घड्याळ आणि पुतणीचे सुंदर अक्षर, एवढ्यावर काम सुरू झाले.

पहिली परीक्षा रात्रीची. फोन पूर्ण भरायचा, विमानाचे चित्र असलेले बटण दाबून सगळे संपर्क बंद करायचे, रात्री अकराला टक्के लिहायचे, सकाळी सहाला पुन्हा लिहायचे. आम्हाला ९९ चे ९६ दिसले. म्हणजे नुसती पडून राहून बॅटरी उतरत नव्हती. दुसऱ्या रात्री त्याच जागी, पण रेंज आणि नेट चालू ठेवून. सकाळी ७८! एकवीस टक्के झोपेत गेले. कोणी खाल्ले? सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर कोणत्या ॲपने किती वापरले ते दिसते. तिथे दोन चोर सापडले. एक धाकट्याने घेतलेला खेळ, आणि दुसरे, हसू नका, बॅटरी वाचवण्याचे म्हणून उतरवून घेतलेले ॲप. ते रात्रभर जागे राहून जाहिराती आणत होते. दोन्ही काढून टाकली. तिसऱ्या रात्री फोन पत्र्याच्या भिंतीलगतच्या फळीवरून उचलून खिडकीत ठेवला. सकाळी ८९. पत्र्याच्या आड रेंज क्षीण असते, त्यामुळे फोन टॉवरला हाक मारण्यासाठी जास्त जोर लावतो. सहा डिसेंबरलाही तेच झाले होते. लाखो माणसे एका मैदानात, मोजके टॉवर, आणि प्रत्येक फोन पुन्हा पुन्हा हाका मारतोय.

दुसरी परीक्षा व्हिडिओची. फोनमध्ये आधीच उतरवलेला एकच व्हिडिओ, पडदा निम्मा उजळ, संपर्क बंद, पूर्ण भरल्यापासून फोन मिटेपर्यंत सलग चालवायचा आणि दर अर्ध्या तासाने टक्के लिहायचे. पुतणीने यासाठी भीमजयंतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ लावला होता. रविवारभर घरात ढोल-ताशे. आकडे सरळ खाली येत होते, आणि २९ वर आल्यावर फोन एकदम बंद! लगेच चार्जरला लावून उघडला तर पडद्यावर पुन्हा २६ टक्के. असे उड्या मारणारे आकडे दिसले की समजावे, बॅटरी थकली आहे.

तिसरी परीक्षा मापाची. चार्जर आणि वायर यांच्या मध्ये लावायचा पेनड्राइव्हएवढा मीटर मिळतो. आम्ही तीन-चारशे रुपयांत आणला. किती वीज आत गेली ते तो वॉट-तासांत दाखवतो. भावाच्या फोनची बॅटरी ५,००० एमएएचची. तिचा सरासरी दाब साधारण ३.८५ व्होल्ट धरला तर नवी असताना तिच्यात सुमारे १९ वॉट-तास मावतात. भरताना काही वीज उष्णता होऊन वाया जाते, म्हणून चार्जरकडून बावीस ते चोवीस जायला हव्यात. फोन मिटेपर्यंत चालवून, बंद ठेवूनच पूर्ण भरला. मीटरवर आकडा आला १४. म्हणजे कामी येणारी बॅटरी साठ टक्क्यांच्या आसपास उरली होती. बाकी फोनला काही झाले नव्हते. पडदा ठणठणीत, कॅमेरा ठणठणीत, आवाज स्वच्छ. तेरा हजारांचा नव्हे, केवळ बॅटरीचा प्रश्न होता.

ज्यांना मीटर आणणे जमत नाही त्यांनी पहिल्या दोन परीक्षा केल्या तरी पुरे. आयफोनमध्ये सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानावर तिची प्रकृती टक्क्यांत लिहिलेली असते. काही अँड्रॉइड फोनांतही आता तशी सोय आहे. ८० च्या खाली आकडा असेल तर बॅटरी बदलायची वेळ आली, असा सर्वसाधारण हिशेब आहे.

पण बॅटरी दोन वर्षांतच का थकली, हे शोधल्याशिवाय नवी घालणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे. आम्ही भावाबरोबर एक दिवस मोटारसायकलवर मागे बसून फिरलो. फोन हँडलवर, डोक्यावर दुपारचे ऊन, काळे जाड कव्हर, पडदा सतत चालू, आणि गाडीच्या चार्जरवर सतत भरणे. हात लावला तर चटका बसावा इतका तापला होता. लिथियम बॅटरीचा सगळ्यात मोठा वैरी उष्णता. बॅटरीच्या जाणकारांचे एक कोष्टक आहे. ४० टक्के भरलेली बॅटरी २५ अंश तापमानात वर्षभर नुसती ठेवली तर तिची ९६ टक्के ताकद शिल्लक राहते. पूर्ण भरलेली त्याच तापमानात ठेवली तर ८० टक्के. तापमान ४० अंश असेल तर पहिलीची ८५ आणि पूर्ण भरलेलीची अवघी ६५. म्हणजे ऊन आणि पूर्ण भरणे एकत्र आले की बॅटरीला दोन्हीकडून मार. भावाचा फोन रोज आठ तास तोच मार खात होता. आणि रात्री? रात्री पुतणी अभ्यास करता करता झोपी जाई, फोन चार्जिंगला, उशीखाली.

आता काय केले ते सांगतो. हँडलवर पुठ्ठ्याची छत्री बसवली. जाड कव्हर कामावर असताना काढून ठेवायचे ठरले. दुपारी जेवायला थांबल्यावर सावलीत फोन भरायचा आणि ऐंशीच्या आसपास काढायचा. नव्या बऱ्याच फोनांत ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय सेटिंगमध्येच असते, ती चालू करावी. उशीखाली, गादीवर चार्जिंग बंद. फोन फरशीवर किंवा स्टीलच्या ताटात ठेवायचा. हे केवळ बॅटरीसाठी नाही. गादीवर तापलेल्या फोनने एक ठिणगी टाकली तर दहा बाय बाराच्या खोलीत पळायला जागा कुठे असते?

बॅटरीचीही एक कथा आहे, आणि ती सांगताना आम्हालाच लाज वाटते. घाईघाईत आम्ही आधी एका टपरीवरून साडेपाचशेची बॅटरी बसवून घेतली. दुकानदार म्हणाला, एकदम ओरिजिनल. वर ५,००० असे ठळक छापलेले. घरी मीटरला लावली, १५! नव्या कोऱ्या बॅटरीत जुन्यापेक्षा जेमतेम एक जास्त. बिल घेतले नव्हते, त्यामुळे भांडायला तोंड नव्हते. मोजण्याचा उपदेश करणारे आम्ही, आणि बिल मागायला विसरलो. दोन महिन्यांत ती फुगली आणि फोनची पाठ उचलली गेली. मग मात्र कंपनीच्या सेवा केंद्रात जाऊन दीड हजाराच्या आत बॅटरी बदलली, पावती घेतली, मीटरवर २३ पाहिले, तेव्हा भावजयीने चहा टाकला.

बॅटरी घेताना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह पाहावे. फोनच्या आणि पॉवर बँकच्या बॅटरीला आयएस १६०४६ हे मानक लागू आहे आणि नोंदणी सक्तीची आहे. चिन्हाखाली 'आर' या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये टाकला की कोणाच्या नावाची नोंदणी आहे ते दिसते. चार्जरवरही असा क्रमांक असावा लागतो. खोटा माल दिला आणि दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पावती मात्र हवी. आमच्यासारखे करू नका.

फुगलेल्या बॅटरीबद्दल हात जोडून एक सांगणे. ती दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्जिंगला लावू नये. आणि कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच टाकू नये. तो डबा पुढे कोण हाताळतो? घंटागाडीवरचे आपले भाऊ आणि डम्पिंगवर कचरा वेचणाऱ्या आपल्याच बहिणी. लिथियम बॅटरी चेपली गेली की आतल्या आत पेट घेते. कचऱ्याच्या गाड्यांना अशा आगी लागल्याची उदाहरणे जगभर आहेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकली आहे. तेव्हा ती त्यांच्याकडेच परत जायला हवी.

हे सगळे चालू असताना वस्तीत बोलबाला झाला, आणि विहारातली रविवारची वंदना संपली की माणसे फोन घेऊन येऊ लागली. बरोबर ऐकीव गोष्टीही आल्या. एक ज्येष्ठ उपासक ठामपणे म्हणाले की बॅटरी पार शून्यावर आणल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. त्यांचे चुकले नव्हते, काळ चुकला होता. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या अर्धवट भरत राहिल्या तर त्यांची सवय बिघडायची, म्हणून त्या काळी तो सल्ला होता. लिथियमला तो उलटा बाधतो. तिला शून्यावर नेणे म्हणजे उपाशी ठेवून राबवणे. वीस ते ऐंशीच्या मध्ये थोडे थोडे भरत राहावे. नवा फोन आठ तास भरावा, हेही त्याच जुन्या काळचे. उघडलेली ॲप बोटाने एकामागून एक उडवत राहण्याचाही फायदा नाही. तेच ॲप पुन्हा मुळापासून उघडताना जास्त वीज जाते.

काळ्या पडद्याचे मात्र अर्धे खरे आहे. ज्या फोनांना ओएलईडी जातीचा पडदा असतो त्यांत काळा भाग वीज खातच नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ साली मोजून दाखवले की पडदा निम्म्याहून कमी उजळ असताना काळ्या रंगाने वीज जेमतेम ३ ते ९ टक्के वाचते, पण पूर्ण उजळ असताना ३९ ते ४७ टक्के. भरउन्हात काम करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, घरात बसून पाहणाऱ्याला फारसा नाही. आणि स्वस्त फोनांत बहुतेक एलसीडी पडदा असतो, त्यात काळा काय अन् पांढरा काय, मागचा दिवा जळतच असतो. तिथे उजेड कमी करणे हाच उपाय.

एका भगिनीची तक्रार होती की पोराच्या फोनमुळे लाइट बिल वाढते. याचा हिशेब फळ्यावर मांडला. एकदा पूर्ण भरायला फार तर २५ वॉट-तास, आणि एक युनिट म्हणजे १,००० वॉट-तास. म्हणजे एका युनिटात फोन चाळीस वेळा भरतो. रोज भरला तरी महिन्याला एक युनिट होत नाही. पोराची त्या दिवशी सुटका झाली. फळ्यावर युनिटचा हिशेब मांडताना आम्हाला बाबासाहेबांची आठवण झाली, ती उगाच नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री होते, तेव्हा वीज हा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता. मुबलक आणि स्वस्त वीज असल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि गरिबी हटणार नाही, ही भूमिका त्यांनी १९४३ साली वीजविषयक धोरण समितीपुढे मांडली होती. आपल्या घरांत त्यांच्या घटनेबद्दल बोलले जाते, विजेबद्दल फारसे नाही.

आता सरकारकडे काय मागायचे, तेही बोलले पाहिजे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम लागू झाला आहे की तिथे नव्याने बाजारात येणाऱ्या फोनची बॅटरी ८०० वेळा भरून-उतरून झाल्यावरही मूळच्या ८० टक्के ताकदीची राहिली पाहिजे. फोनबरोबरच्या पट्टीवर बॅटरी एका भरण्यात किती तास चालते आणि किती फेऱ्या टिकते ते छापावे लागते. विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्याकडे खोक्यावर एमएएच मोठ्या अक्षरात असते. किती फेऱ्या टिकेल, हे विचारले तर दुकानदार आपल्याकडेच बघत राहतो. रोज राबणाऱ्या माणसाला तो आकडा कॅमेऱ्याच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांपुढे हाही प्रश्न ठेवायला हरकत नाही.

२०२४ च्या सहा डिसेंबरला आम्ही पुन्हा दादरला गेलो. या वेळी मावशीच्या बटव्यातल्या चिठ्ठीवर तीन जणांचे नंबर होते. बटव्याला पुतणीने सेफ्टी पिन लावली होती. शिवाजी पार्कात चार्जिंगचे पॉइंट लावलेले असतात, पण तिथली रांग पुस्तकांच्या रांगेपेक्षा लांब, म्हणून एक पॉवर बँक बरोबर घेतली. तिच्यावर १०,००० छापले असले तरी बारीक अक्षरात प्रत्यक्ष मिळणारा आकडा ६,००० च्या आसपास लिहिलेला असतो. आमच्यासारखा फोन तिच्यावर सव्वा वेळा भरतो, दोन वेळा नाही. लोकलमध्ये बसल्यावर दोन फोनांचे नेट बंद केले, एक चालू ठेवला. संध्याकाळी दादर स्टेशनवर भावाच्या फोनवर ५२ टक्के होते. मावशीने ते स्वतः पाहिले. टक्के म्हणजे काय ते तिला आता कळते.

वही अजून चालू आहे. तिच्यात वस्तीतल्या एकतीस फोनांची नोंद झाली आहे. 'फोन गेला' म्हणून आणलेल्या फोनांपैकी बरेच नुसत्या बॅटरीवर परत उभे राहिले, काहींना चार्जरची वायर बदलणेच पुरले, आणि काही खरोखर गेलेले होते. आमच्या घरी, भावजयीच्या डोळ्यांआड, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात फुगलेल्या सात बॅटऱ्या पडून आहेत. सेवा केंद्रातल्या माणसाने पाच घेतल्या, या आपल्या कंपनीच्या नाहीत म्हणून बाकीच्या परत दिल्या. सोमवारी २०२२ च्या नियमांची प्रत बरोबर घेऊन पुन्हा जाणार आहोत.